कुलपांच्या गल्लीतलं उघडं दार

आमच्या कंपनीच्या भिंतीला लागून एक रस्ता जातो. दिवाळी झाली की त्या रस्त्यानं आमची माणसं जायला लागतात. आमची म्हणजे बीडकडची. भिंत उंच आहे, वर तार आहे, आतून काही दिसत नाही. पण चहाच्या सुट्टीत मशीन थांबल्या की ऐकू येतं. ट्रकच्या फाळक्यावर आपटणारी भांडी, एखादी शेळी, बायकांचं मोठ्यानं बोलणं, ड्रायव्हरनं लावलेलं गाणं. बरोबरच्या मुली म्हणतात, चालले बघ ऊसतोडवाले. मी चहा संपवते. नोकरी पक्की झाली, ओळखपत्र गळ्यात आलं, तरी हा हंगाम लागला की मला वाटतं, कुठंतरी कुणीतरी मोटारसायकल थांबवून माझं नाव विचारतंय.

कंपनी सरकारची आहे. तोफगोळ्यांचा माल इथं होतो, एवढं गावातल्या चहावाल्यालाही माहीत आहे. जुनी माणसं अजून फॅक्टरीच म्हणतात. मधे कधीतरी सरकारनं तिची कंपनी केली आणि आता ती बाहेरच्या देशांनाही माल विकते. मी लेथवर काम करते. काय वळते ते सांगत नाही, घरीही नाही. आई विचारते, "काय करती गं तिथं?" मी म्हणते, "लोखंड." "लोखंडाचं काय?" "लोखंडाचं लोखंडच." मग ती नाद सोडते आणि जेवलीस का विचारते.

सकाळी गेटवर फोन जमा करायचा, खिसे दाखवायचे, ओळखपत्र पुढं धरायचं. गेटवरचा शिपाई मला रोज बघतो, परवा त्याच्या मुलीच्या बारशालाही जाऊन आले, तरी तो आधी फोटोकडं बघतो, मग माझ्या तोंडाकडं. बाकीचे वैतागतात. माझं तसं होत नाही. कुणीतरी तोंडाकडं बघून 'हो, ही तीच' म्हणतंय, याचं मला रोज बरं वाटतं. कारण एका हिवाळ्यात माझी सगळी नोकरी एवढ्याच गोष्टीवर अडली होती. साध्या कपड्यातला एक पोलीस आमच्या गल्लीत येणार होता, आणि ही मुलगी इथलीच आहे, चांगल्या घरची आहे, असं गल्लीनं त्याला सांगायचं होतं. शिक्षण झालं, परीक्षा झाली, निवड झाली, आणि राहिलं काय, तर गल्लीनं तोंड उघडायचं. आणि आमच्या गल्लीला नेमकं तेवढंच येत नव्हतं.

आमची वाडी धारूरच्या घाटाखाली. दिवाळीपर्यंत तिथं पाय ठेवायला जागा नसते. पोरं, कोंबड्या, फटाके, भांडणं. त्यानंतर एका सकाळी ट्रक लागतो आणि दुपारपर्यंत सगळी गल्ली रिकामी होते. दारोदार कुलपं. चुलींचा धूर बंद. कुत्री काही दिवस दारांसमोर बसून राहतात, मग तीही उठून फाट्यावरच्या हॉटेलाकडं जातात. घाटावरून वाळल्या गवताचा वास घेऊन वारा येतो आणि कुणाचं तरी ढिलं पत्र्याचं दार दिवसभर वाजत राहतं. लहानपणी मी हा आवाज इतका ऐकलाय, की शहरात कुठं पत्रा वाजला तरी मला थंडी वाजते.

मागं राहायचे म्हातारे, शाळेची काही पोरं आणि गयामावशी. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, गल्लीची. उसाच्या मोळ्या वाहून वाहून तिचे गुडघे गेले आणि तिचं जाणं बंद झालं. सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या तिच्याकडं. कमरेला एका नाड्यात ओवलेल्या, प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी. दिवसातून एकदा ती काठी टेकत गल्लीभर फिरायची आणि प्रत्येक कुलूप ओढून बघायची. मिश्री लावत लावत. तिचं दुसरं काम होतं अनोळखी माणसाला वाटेला लावणं. कुणीही येवो, काहीही विचारो, गयामावशीचं उत्तर एकच. ठाऊक न्हाई.

याला कारण होतं. टोळीचा मुकादम कधी चांगला भेटतो, कधी नाही. माझ्या निवडीच्या आदल्या हंगामात आईला फडात ताप भरला. मुकादम दवाखान्याला सोडेना. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, कोयता तिथंच टाकला, तिला एसटीत घातलं आणि घरी आणलं. हंगाम अर्धाच झाला होता आणि उचल, म्हणजे पूर्ण हंगामाचे आगाऊ पैसे, आधीच घेतली होती. मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणं आमच्या घराकडं त्याचा अर्धा हंगाम राहिला. असं झालं की मुकादमाची माणसं शोधायला येतात. सापडला गडी तर जीपमध्ये घालून नेतात. कुठं नेतात, काय करतात, ते आल्यावर गडी सांगत नाही. म्हणून आण्णा-आई पुढच्या वर्षी लांबच्या टोळीत गेले, दुसऱ्या मुकादमाबरोबर, आणि जाताना कुठं चाललो ते फक्त मला नि गयामावशीला सांगून गेले. आमच्याकडं खोटं बोलणं हे असं माणसं वाचवण्याचं काम होतं, आणि मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही.

माझी निवड दिवाळीआधीच झाली होती. गल्लीतल्या पोरांनी फाट्यावर फ्लेक्स लावला. 'वाडीची वाघीण, संरक्षण खात्याच्या कंपनीत निवड.' वर नेते, खाली शुभेच्छुक, गॉगल लावलेले, फोन कानाला लावलेले, आणि मधे मी, ओढणी नीट करून बसलेली. आण्णा ट्रकमध्ये चढताना त्या फ्लेक्सकडं बघत राहिले. ट्रक वळेपर्यंत बघत होते. मला त्या वेळी लाजल्यासारखं झालं होतं. आता वाटतं, खाली उतरून त्यांच्याशेजारी एकदा उभं राहायला पाहिजे होतं.

मी तेव्हा बीडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली करून एका वर्कशॉपमध्ये जात होते. शनिवारी वाडीला यायची. त्या शनिवारी गयामावशी गल्लीच्या तोंडाशीच बसली होती, खूश.

"आलता एक," ती म्हणाली. "पांढरा सदरा, मोटारसायकल. गोड बोलायलता."

"मुकादमाचा?"

"तर कुनाचा? पन ह्यो लई इपितर, येगळाच. बापाचं नाव न्हाई घेतलं. तुझं घेतलं. वैशाली म्हनं कुठं ऱ्हाती, कशी हाय, कुनाबरोबर असती. तरनी पोर, आन् असं नाव घेऊन इचारायला. माझं डोस्कंच फिरलं. म्हनलं, या नावाची पोरगी या गल्लीत जन्मलीच न्हाई."

"अजून कुणाकुणाला विचारलं त्यानं?"

"समोरच्या आबानं बी तेच सांगितलं," ती म्हणाली. "शाळंतल्या पोरांनी बी. एक बी फुटलं न्हाई."

मुकादमाचा माणूस माझं नाव कशाला घेईल? माझं नाव घेऊन विचारणारा या जगात एकच माणूस होता, आणि त्याला आमच्या गल्लीनं एकजुटीनं सांगितलं होतं की मी नाही. मावशीला मी काय झालं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मिश्रीचं बोट पुसलं आणि बराच वेळ किल्ल्यांच्या चिंध्यांशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "पोलिसानं पोलिसाचे कपडे कावून न्हाई घालायचे?" मला तिचा राग आला होता. पण तेच मलाही विचारायचं होतं.

सोमवारी मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार शिडशिडीत, नाकावर चष्मा, शांत बोलणारे. रागावले असते तर बरं झालं असतं.

"फाट्यावर चहा घेतला," ते म्हणाले. "डोक्यावर तुमचाच फ्लेक्स. फोटो बघितला, नाव वाचलं. आत गल्लीत गेलो तर म्हणे अशी पोरगी जन्मलीच नाही. घराला कुलूप. आता मी वर काय कळवू? एखाद-दुसरा खोटं बोलला तर समजतं. अख्खी गल्ली का खोटं बोलते?"

मी म्हटलं, "साहेब, माणसं भितात."

"कुणाला?"

मुकादमाचं सांगितलं तर विचारतील, वडिलांवर तक्रार आहे का काही. असेलही. मुकादमानं कुठं काही लिहून दिलं असेल तर मला काय ठाऊक? तोफेचा माल बनवणाऱ्या कंपनीला पळून आलेल्या माणसाची मुलगी चालते का, हेही ठाऊक नव्हतं. हवालदारांनी चष्मा पुसला. "मी अजून काही पाठवलेलं नाही. परत एकदा येईन. घर उघडं दिसू द्या, माणसं बोलू द्या."

"कधी येणार?"

"सांगून येत नसतात, ताई."

झालं. वर्कशॉपला दांडी मारून मी वाडीला गेले, गयामावशीकडून आमची लाल चिंधीची किल्ली घेतली आणि भर हंगामात दार उघडलं. चूल पेटवली. सबंध गल्लीत तेवढाच धूर. हा धूर हवालदाराला दिसायला हवा होता, आणि तोच मुकादमाच्या माणसालाही दिसणार होता. उघड्या दाराला दोघांतला फरक कळत नाही.

गयामावशी संध्याकाळी येऊन भांडली. "दार लाव. तू कुलूप घाल, माझ्या घरी ऱ्हा. तो आला की मी हाक मारीन."

"आणि कुलूप बघून तो तसाच गेला तर?"

"आन् दुसरा आला तर?"

"दुसऱ्याला नेहमीसारखं सांग."

"आन् वळखू कसं? दोगं बी गोडच बोलत्यात."

ते दिवस मी उंबऱ्यात बसून काढले. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, दुपारी त्यांच्यावर मधमाशांची गुणगुण चालायची, एरवी मला तो आवाज आवडतो. तेव्हा प्रत्येक आवाजात मोटारसायकल ऐकू यायची. फाट्यावर गिअर बदलला की कळायचं, कुणीतरी वळलंय. दूधवाला असायचा. मास्तर असायचे. एकदा तर बँडवाले होते. भाकरी थापताना हात थांबायचा आणि तव्यावरची करपायची. करपलेल्या भाकरीचा वास हा माझ्यासाठी त्या हंगामाचा वास आहे.

आणि मग आला, तो दुसराच. दुपारची वेळ होती. गाडी थेट दारात. अंगानं भरलेला, बोटात गाडीची चावी फिरवत. त्यानं माझ्याकडं बघून हसून पाणी मागितलं. पाणी मागितल्यावर नाही म्हणता येत नाही. मी तांब्या-पेला आणला. तो ओट्यावर बसला.

"फ्लेक्स बगितला," तो म्हणाला. "लई भारी. सरकारी नोकरी. मग आता बापाला कावून लपवायलीस?"

"आण्णा इथं नाहीत."

"ते दिसायलंय. कुठं हायेत?"

"ठाऊक नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि पाय लांब केले. "बसतो मग. आज काय काम न्हाई मला."

तो खरंच बसला. शिवी नाही, धमकी नाही. पेला हातात धरून एकेक घोट घेत, चावी फिरवत बसला. मी आत जाऊ शकत नव्हते आणि बाहेरही बसू शकत नव्हते. समोर गयामावशी तिच्या दारातून बघत होती. आणि तेवढ्यात फाट्यावर गिअर बदलला.

हवालदार आले ते नेमके त्या वेळी. पांढरा सदरा, काखेत पिशवी. ओट्यावरचा माणूस त्यांना शेजारी वाटला असणार, त्यांनी त्याला नमस्कारही केला. मग खाटेवर बसले, कागद काढला आणि विचारायला लागले. पूर्ण नाव. शाळा कुठली. इथं कधीपासून राहता. मी सांगत होते. ओट्यावरच्या माणसाला कळलं की हे पोलीस आहेत, त्यानं पाय आवरून घेतले, पण उठला नाही. त्याला आता फुकटात सगळं ऐकायला मिळणार होतं.

"वडील सध्या कुठं असतात?" हवालदारांनी विचारलं.

ओट्यावरची चावी थांबली.

मी त्या क्षणी काय विचार केला ते मला नीट आठवतं. खोटं बोलले तर नोकरी गेली, कारण हवालदाराला एकदा खोटं ऐकवून झालं होतं. खरं बोलले तर रात्रीच्या आत जीप निघेल. गप्प बसले तर तेही लिहून घेतील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच मला राग आला. हवालदार पेन धरून थांबले होते. "ताई, वडील कुठं आहेत?"

तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. गयामावशी काठी टेकत रस्ता ओलांडून आली होती.

"सायेब," ती म्हणाली, "पोरीला वळखनारी मानसं पायजे हुती ना तुमाला? हे बसलेत ना, ह्यांचं लिव्हा आदी. ह्ये पोरीच्या बापाला लई चांगलं वळखतेत. सारखी याद काडतेत. नाव लिव्हा, गाव लिव्हा, गाडीचा लंबर बी लिव्हा."

"बरं झालं," हवालदार म्हणाले आणि कागद त्याच्याकडं वळवला. "नाव सांगा."

"माझं? मी न्हाई इथला, साहेब. पाणी प्यायला थांबलतो."

"वडिलांना ओळखता म्हणाल्या या."

"न्हाई, न्हाई. वळखत न्हाई."

"ओळखत नाही, तर बसलात कशाला?"

त्यानं पेला ओट्यावर ठेवला. अर्धा भरलेलाच. कुणाकडं न बघता गाडीला किक मारली आणि गेला. हवालदार धूळ खाली बसेपर्यंत तिकडं बघत होते. बीड जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या पोलिसाला एवढ्यावरून पुढचं सगळं कळतं. त्यांनी काही विचारलं नाही. खाट माझ्या जवळ ओढली आणि म्हणाले, "आता हळू सांगा." मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, मजुरीसाठी बाहेरगावी. गावाचं नाव लिहिलं नाही.

मग त्यांनी गयामावशीला विचारलं, "मावशी, त्या दिवशी खोटं का बोललात?"

"तवा तुमी कोन ते ठाऊक न्हवतं," ती म्हणाली. "आता झालं ठाऊक."

साक्षीला तिनं स्वतःचं नाव सांगितलं. आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सगळं मोठ्यानं, शाळेतल्या मुलासारखं. मी ते पूर्ण नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सगळा जन्म जिनं पोलिसालाच काय, शिरगणतीवाल्या मास्तरालाही धड उत्तर दिलं नव्हतं, ती माझ्यासाठी अंगठा पुढं करून उभी होती. आणि त्या माणसानं तिचं तोंड बघून ठेवलं होतं. गल्लीत एकटी, गुडघे गेलेली बाई. मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर बीडला चल. ती म्हणाली, "आन् कुलपं कोन बगंल?"

तो माणूस पुन्हा आला नाही. पण ते आज कळतं. तेव्हा मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि आण्णांचा 'हं' ऐकू येईपर्यंत श्वास धरून ठेवायचे. शाळू कापणीला आला त्या सुमारास मला रुजू व्हायचं पत्र आलं.

आता मी त्या भिंतीच्या आतली आहे. इथं माणसाचं घर, गल्ली, आई-बाप, सगळं तपासून आत घेतात. माझ्या हातून गेलेला नग मात्र पेटीत भरला जातो, पेटी गाडीत चढते, आणि ती कुठं चालली ते आम्हाला सांगत नाहीत. विचारायचं नसतं. नग हातात गरम असतो, मोजमापाला बरोबर उतरला की मला समाधान वाटतं, हे खरं आहे. आणि कधी कधी वाटतं, हा ज्या गावाकडं जाईल तिथंही कुणी दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसलेलं असेल. हेही खरं आहे. दोन्ही घेऊनच मी पाळी संपवते.

आण्णा-आई यंदाही गेले. मी नको म्हटलं, भांडले, चार दिवस बोलले नाही. आण्णा म्हणाले, कुनी घेत नव्हतं तवा ह्या मुकादमानं घेतलं, एवढा एक हंगाम त्याला शब्द दिलाय. यंदा त्यांचा ट्रक आमच्या या रस्त्यानं येणार होता, हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांना मला चकित करायचं होतं.

ट्रक पंक्चर काढायला थांबला, तेवढ्यात आण्णा फडक्यात सीताफळं बांधून आमच्या गेटवर आले. शिपायानं विचारलं, कोण पाहिजे? आण्णांनी माझं नाव सांगितलं. शिपाई म्हणाला, नावावर इथं कुणी नसतं, नंबर सांगा, विभाग सांगा. आण्णांना कुठला नंबर, कुठला विभाग? मी कधी सांगितलाय? त्यांनी सांगून बघितलं, मी बाप हाय. शिपाई म्हणाला, बाबा, या नावाचं मला काही माहीत नाही. ज्याच्या मुलीच्या बारशाला मी गेले होते, तोच शिपाई. मी आत होते. लेथ चालू होती, फोन गेटवरच्या खणात होता, अगदी त्यांच्या पाठीमागं. ट्रकनं हॉर्न दिला आणि ते गेले.

सुटल्यावर गेटसमोरच्या चहावाल्यानं मला ते फडकं दिलं आणि झालेलं सगळं सांगितलं. एक फळ पिकून फुटलं होतं, गोड वास सुटला होता. मी रस्त्यात उभी राहून रडले, सगळ्यांसमोर, आणि मला लाज वाटली नाही. मग फोन लावला. ट्रकचा आवाज, वारा, मागं आई कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होती.

"आण्णा, मी आतच होते."

"असशील की," ते म्हणाले. "पन मानसं पक्की हायेत गं तुमची. बाप हाय म्हनलं तरी फुटली न्हाईत. गयाबाईची याद आली बग."

"आता कुठल्या कारखान्याला निघालात?"

मग आण्णा म्हणाले, "ठाऊक न्हाई."

आणि हसायला लागले. कितीतरी वर्षांत मी त्यांना इतकं हसताना ऐकलं नव्हतं. हसून झाल्यावर आवाज खाली आणून त्यांनी मला गावाचं नाव सांगितलं.

ते मी इथं लिहीत नाही.